तुदाची पोटरी

दुकानात आलेला बूट मी आधी उलटा करून बघतो. टाच कोरी आणि चवड्याखालचा तळ खाल्लेला दिसला, की मालक चढावर चवड्यांवर पळतोय आणि त्याची पोटरी आज ना उद्या बोंबलणार, हे ठरलेलं. मी तसं सांगतोही. कोणी ऐकत नाही. अझ्रूसारख्या आमच्या डोंगरी गावात, जिथे दर दुसऱ्या घरातलं पोर पळतं, तिथे चांभाराचं ऐकायचं नसतं, पळायला शिकवणाऱ्या उस्तादांचं ऐकायचं असतं.

रमजानच्या अठ्ठाविसाव्या दिवशी, सूर्य मावळायला तासभर असताना, तुदा भिंत धरून धरून दुकानात आली. तुदा माझ्या बहिणीची, यामनाची मुलगी. वय एकोणीस. चेहरा पिठासारखा पांढरा.

"मामा, मागून कोणीतरी दगड मारल्यासारखं वाटलं. वळून बघितलं तर कोणीच नव्हतं."

पोटरी फाटते तेव्हा माणूस हेच सांगतो. दगड मारला, आणि मागे कोणी नव्हतं.

"कुठे होतीस?"

"वर, देवदाराच्या चढावर. आठव्या फेरीला."

"किती होत्या?"

"बारा."

"पहाटे सहरीला पाणी किती प्यायलीस?"

तिने नुसता पाय पुढे केला. मी तिच्या पायातला बूट काढून उलटा केला. नवा, चकचकीत, कागदासारखा हलका, आणि टाच असून नसल्यासारखी.

"हे कधी आले?"

"चार दिवस झाले. उस्तादांनी दिले. म्हणाले, चाचणीत यातच पळायचं, तर आतापासून सवय कर."

सवय! आयुष्यभर जाड टाचेच्या बुटात पळालेल्या पोरीला चार दिवसांत सपाट बूट, वर चढ, वर दिवसभर पाण्याचा थेंब नाही. रोजा मोडा असं मी म्हणत नाही, मी स्वतः धरतो. पण इफ्तार करून, पाणी पिऊन, तासाभराने पळवायला काय जातं? बूट आठवड्यातून दोनदा, थोडाथोडा घालायला लावायला काय जातं? उस्ताद बुआज्झांचं काय जातं, तर संध्याकाळचं आरामाचं जेवण जातं.

मी तिला चामड्याच्या गठ्ठ्यावर पालथी झोपवली आणि पोटरीवर अंगठा फिरवला. मध्यावर, आतल्या बाजूला, बोट जरा रुतलं. तिने डोक्याचा रुमाल दातात धरला.

समोर मासळी विकणाऱ्या सार्डिनवाल्याची गाडी असते. त्याच्याकडून पिशवीभर बर्फ आणला, फडक्यात गुंडाळून लावला, पाय बुटांच्या पोत्यावर उंच ठेवला, वरून पट्टी बांधली.

"मासळीचा वास येतोय मला," ती म्हणाली.

"येऊ दे. ऐक. तीन दिवस शेकायचं नाही, चोळायचं नाही, ताणायचं नाही. पळायचं तर नावच नको. आणि हमामचं वाफेचं स्नान नाही."

"ईदच्या तोंडावर हमाम नाही? आई घरात घेणार नाही मला."

"यामनाला मी सांगतो."

"मामा," तिने मान वळवली, "चाचणी ईदनंतर नवव्या दिवशी आहे. होईल ना?"

पहिल्या सहांत आलेल्या मुलींना राजधानीच्या एका क्लबात जागा मिळणार होती. राहायला खोली, शिकायला शाळा, दुखलं तर डॉक्टर. तुदा दोन वर्षं त्या एका गोष्टीसाठी जगत होती. गेल्या महिन्यात ती उस्तादांच्या घड्याळात तिसरी आली होती.

"बघू," मी म्हणालो. खोटं बोलायची मला जुनी सवय आहे.

यामनाला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. ती इफ्तारचं हरीरा सूप ढवळत "हो रे, हो" म्हणाली. दुसऱ्या दिवशी बुआज्झांचा तिला फोन आला. "ताई, पोरीच्या पायात गाठ आलीय. हमामला न्या, चांगली तापवा, रगडून घ्या." आणि यामनाने नेलं. ईदच्या आदल्या दिवशी आमच्या हमामात पाय ठेवायला जागा नसते, तरी फत्तूमने तुदासाठी जागा केली. फत्तूम म्हणजे तिथली चोळणारी बाई, दंड माझ्या मांडीएवढे. तिने तुदाला गरम लादीवर पाडलं आणि पोटरीवर गुडघा ठेवला.

"ओरड गं बये, ओरड! ओरडलीस की गाठ सुटते!"

हे तुदाने मला नंतर सांगितलं. बायका हसत होत्या म्हणे. कोणीतरी म्हणालं, ही बाळंत कशी होणार?

ईदच्या सकाळी मी गेलो, तर पोटरी वांग्यासारखी, आणि तो रंग खाली घोट्यापर्यंत उतरलेला.

"यामना, मी काय सांगितलं होतं?"

"तू एक सांगितलंस, उस्तादांनी एक सांगितलं." तिने चहा ओतला, माझ्याकडे न बघता. "त्यांनी बावीस पोरं क्लबात घातली. तू किती घातलीस?"

"आत शीर फाटलीय तिची! फाटलेल्यावर गरम पाणी आणि गुडघा? रक्त उतरलंय बघ."

"वाईट रक्त आहे. निघू दे. आपल्याकडे बाळंतीण असो, पडलेलं पोर असो, सगळ्यांना हमामातच नेतात. तूच तेवढा शहाणा जन्मलास."

हीच आमची खोड. दुखलं की तापव, सुजलं की रगड. आखडलेल्या पाठीला ते लागू पडतं, थंडीने धरलेल्या गुडघ्याला लागू पडतं. म्हणून ताज्या फाटलेल्या पोटरीलाही लागू पडलंच पाहिजे, असा आमचा हट्ट. दोन आठवड्यांचं दुखणं आम्ही एका दुपारीत दोन महिन्यांचं केलं, आणि वर एकमेकांना "ईद मुबारक" म्हटलं.

मी तुदाच्या दोन्ही चपलांत टाचेखाली बुचाचा तुकडा बसवून दिला, म्हणजे पोटरी ताणली जाणार नाही. चौथ्या दिवसापासून तिला बसल्या बसल्या पाऊल वरखाली करायला लावलं. मग दोन्ही पायांवर उभं राहून हळूहळू टाचा उचलायला. ती माझ्या दुकानाच्या पायरीवर दिवसभर ते करायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याचे टोमणे खायची. "काय गं, टाचा उंचावून बघतेस, भिंतीपलीकडे कोण राहतो?"

सहाव्या दिवशी मी म्हणालो, "आता दुखऱ्या एका पायावर. न दुखता पंचवीस झाल्या तर पळायचा विचार करू. पंचवीस झाल्या, त्याच पायावर उड्या मारता आल्या, मग सपाट रस्त्यावर सावकाश. चढ शेवटी."

ती पायरीच्या कडेवर उभी राहिली. सातव्या वेळी पाय थरथरायला लागला.

"दहा झाल्या," ती म्हणाली.

"सात."

"दहा झाल्या, मामा!"

ती पायरीवर बसली आणि तोंड गुडघ्यात घातलं.

दुसऱ्या दिवशी उस्ताद स्वतः आले. दुकानाच्या दारात उभे राहिले. आत यायचा मान त्यांनी मला कधी दिला नाही. तुदा मागे, पडद्याआड बुटांना मेण लावत बसली होती.

"काय रे लंगड्या, पोरीच्या डोक्यात काय भरवतोस?"

"डोक्यात काही नाही उस्ताद. पोटरीत रक्त भरलंय."

"दुखणं पायात नसतं. मनात असतं."

"मग मनाला रगडायला सांगायचं होतं फत्तूमला."

ते हसले. त्यांना राग येत नाही, हीच तर त्यांची ताकद. "शनिवारी संध्याकाळी माझा माणूस येईल. दुखणं मारायची एक सुई. रविवारी हरणासारखी पळेल पोरगी. तूही पळाला होतास की." त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. "विसरलास?"

ते गेले. पडदा सरकला.

"तूही पळाला होतास म्हणजे?" तुदाने विचारलं.

आता हे सांगायलाच हवं. साऱ्या अझ्रूला माहीत आहे, की बारा वर्षांपूर्वी मेकनेस शहरातल्या शर्यतीत खनिफ्रा गावच्या एका पोराने मला ढकललं, माझ्या पायावर पाय दिला आणि माझं पळणं संपवलं. चहाच्या दुकानात लोक माझ्या बाजूने भांडलेत. खनिफ्राच्या लोकांना शिव्या घातल्यात.

"मला कोणी ढकललं नव्हतं," मी म्हणालो. "दहा दिवस पोटरी दुखत होती. आदल्या दिवशी सुई घेतली. सकाळी पायच जाणवेना. मला वाटलं, बरा झालो. शेवटच्या दोन फेऱ्यांत ती पार फाटली, तेही कळलं नाही. पाय फक्त ऐकेनासा झाला. मी पडलो. माणसं धावत आली, विचारायला लागली काय झालं. शेजारून एक पोरगा जात होता. मी त्याच्याकडे बोट दाखवलं."

"त्याचं काय झालं?"

"वर्षभर शर्यतींबाहेर ठेवलं. मिमून नाव त्याचं. पुढे पळाला नाही."

"सुई कोणी मारली?"

"बुआज्झांच्या माणसाने."

तिने हातातला बूट खाली ठेवला. रडेल असं वाटलं होतं. रडली नाही.

"आणि बारा वर्षं तू त्यांच्याच पोरांचे बूट शिवतोस."

"हो."

"वर माझा पाय त्यांच्या हाती दिलास तेव्हाही बोलला नाहीस. दोन वर्षांपूर्वी. आईने तुला विचारलं होतं, माणूस कसा आहे. तू म्हणालास, चांगला आहे."

मला वाटलं होतं, पोरीचं भलं होईल, माझी लाजही झाकलेली राहील. दोन्ही एकदम जमेल असं वाटणं, हाच माझा हलकटपणा.

शुक्रवारी दुपारी ती मैदानावर गेली. मी मागून गेलो. चौदा मुली पाय मोकळे करत होत्या. तुदा सरळ उस्तादांपुढे जाऊन उभी राहिली, बुचाची चप्पल घातलेली.

"उस्ताद, मी रविवारी पळणार नाही. सुई घेणार नाही. पाय बरा झाला की येईन, दोन महिन्यांनी."

"दोन महिन्यांनी तुला कोण विचारतंय?"

"नका विचारू."

मुली थांबल्या होत्या. बुआज्झांनी कागद काढला, पेन काढलं आणि तिच्या नावावर सावकाश रेघ मारली, सगळ्यांना दिसेल अशी.

"हफीदा! हिच्या जागी तू."

मग मला राहवलं नाही. बारा वर्षांचं सगळं मी त्या मैदानात ओरडून सांगितलं. सुई, मिमून, माझं बोट, सगळं. माझा आवाज चिरकला, तरी मी बोलत राहिलो. मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. एक मुलगी फिसकन हसली. दुसरी बुटाची नाडी बांधायला लागली.

"कोणीतरी याला चहा पाजा रे," बुआज्झा म्हणाले आणि शिटी वाजवली. मुली पळायला लागल्या.

यामना माझ्याशी बोलायची बंद झाली. फोनवर एवढंच म्हणाली, "स्वतःचा पाय मोडलास तो पुरला नाही का?" तुदा शनिवारी सकाळीच आईच्या घरातून निघून माझ्या दुकानात येऊन बसली. माझ्याशी तीही कामापुरतंच बोलत होती.

दुपारी हफीदा आली. माझ्या हातात बूट दिले. मी उलटे केले. टाच कोरी, चवडा खाल्लेला, पण शिवण्यासारखं कुठेच काही नाही.

"यात करू काय?" मी विचारलं.

तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. "तुदा," ती म्हणाली, "तुला पहिल्यांदा कुठे दुखलं होतं गं? वर की खाली?"

"का?"

"सहज."

तुदाने हफीदाच्या पायाकडे बघितलं. तिची जागा घेतलेली पोरगी तिच्यापुढे एका पायावर भार देऊन उभी होती.

"मोजा खाली कर," तुदा म्हणाली.

हफीदाने दाराबाहेर बघून घेतलं आणि मोजा खाली केला. तुदाने अंगठा दाबला. हफीदा कळवळून मागे सरकली, चामड्याच्या गठ्ठ्याला अडखळली.

"कधीपासून?"

"मंगळवार."

"दगड मारल्यासारखं?"

"नाही, नाही, तसं नाही. नुसतं ओढल्यासारखं. सकाळी उठल्यावर जास्त."

"मग अजून फाटलेली नाही. आठवडा थांबलीस तर वाचेल. उस्तादांना सांगितलंस?"

"तू सांगितलंस तेव्हा काय झालं, बघितलंच की मी." हफीदाने ओठ चावला. "संध्याकाळी तो सुईवाला येणार आहे. मला एवढंच सांग, सुई घेऊन एक दिवस निघेल ना? एकच दिवस."

तुदाने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदाच, दोन दिवसांत. मी नकारार्थी मान हलवली.

"नाही निघणार," ती म्हणाली. "जाऊ नकोस."

हफीदाने मोजा वर ओढला. माझ्या हातातून बूट हिसकावून घेतले.

"तुझी जागा गेली म्हणून बोलतेस तू हे."

ती बाहेर पडली आणि उताराला लागली, पळत नाही पण भराभर, दुखरा पाय लपवत. तुदा उठली. मी "थांब, उतार आहे" म्हणेपर्यंत ती गल्लीत पोचलीसुद्धा होती, लंगडत, भिंत धरत, "हफीदा, ऐक! अगं ऐक तरी!" असं ओरडत. सार्डिनवाल्याच्या गाडीपाशी एक वळण आहे. आधी हफीदा त्या वळणाआड गेली, मग तुदा.