लेबलावरचं नाव

“आधी परवाने दाखवा.”

हर्षितने हात पुढे केला होता तो हात मिळवायला, आणि पाहुण्याने त्याला हे सुनावलं. हर्षित डिस्टिलरीचा मालक. कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्याला त्याची ही छोटीशी जागा. दर रविवारी वीसेक माणसं तिकीट काढून येतात, जिन कशी बनते ते बघतात, पितात, जेवतात, फोटो काढतात आणि जातात. दारातच परवाने मागणारा पाहुणा त्याने आजवर पाहिला नव्हता.

“अहो, पाहुणे म्हणून आलोय आपण,” शकूने नवऱ्याची बाही ओढली. “धाड घालायला नाही.”

“पाहुणा असलो म्हणून कायदा बदलतो का?”

हर्षितने हसत फाइल आणली. पिणाऱ्या प्रत्येकाचा एक दिवसाचा परवाना, नावानिशी. महेंद्र उबाळेंनी चष्मा लावून एकेक कागद उलटला. सगळं चोख होतं. शेवटच्या कागदावर मात्र त्यांचं बोट थांबलं. सौ. शकुंतला महेंद्र उबाळे.

“हे काय गं?”

“आपल्या पायलनं काढलाय. आलेच आहे तर चाखून बघेन म्हटलं,” शकू म्हणाली, आणि एवढी मोठी गोष्ट बोलून सरळ आत चालायला लागली. उबाळेंनी शिक्का पुन्हा तपासला. कागद कायदेशीर होता.

उबाळेंची चौतीस वर्षं राज्य उत्पादन शुल्क खात्यात गेली, जवान म्हणून. कळव्याच्या खाडीत, तिवरांच्या आड, गुडघाभर चिखलात त्यांनी किती हातभट्ट्या फोडल्या त्याची गणती नाही. पिपं उलटी करायची, बाटल्या जप्त करायच्या, बाटलीवर लेबल चिकटवायचं, लाखेचं सील ठोकायचं, खाली सही करायची. माल कसला आहे ते ठरवायला बाकीचे जीभ लावून बघत. उबाळे दोन थेंब तळहातावर घेत, हात चोळत आणि ओंजळ नाकाशी नेत. खात्यात त्यांना ‘नाक’च म्हणत. आणि हो, चौतीस वर्षांत एक थेंब ओठाला लागला नाही. या गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि का नसावा?

अशा माणसाची एकुलती एक लेक एम.एस्सी. झाली आणि दारू गाळायला लागली!

उबाळे तिच्यावर ओरडले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. कोळसेवाडीतल्या आपल्या चाळीत त्यांनी सांगून टाकलं, पायल औषधाच्या कंपनीत आहे. दोन वर्षं ते हेच सांगत होते. खोट्या पंचनाम्यावर कधी सही न केलेला माणूस रोज खालच्या ओट्यावर बसून खोटं बोलत होता. पायलला हे कळलं ते शेजारच्या भाऊंमुळे. तिने घरी फोन करून एवढंच म्हटलं होतं, “बाबा, भाऊंनी माझ्याकडे गॅसच्या गोळ्या मागितल्या. कंपनीच्या भावात. तेव्हा मला कळलं मी कुठे नोकरी करते ते.”

त्यानंतर महिनाभर अबोला. आणि मग गेल्या आठवड्यात तिचा निरोप, आईकरवी. रविवारी या. या वेळी नाही आलात तर मी परत बोलावणार नाही.

म्हणून उबाळे आले होते. इस्त्रीचा शर्ट घालून.

आत तांब्याचं मोठं भांडं होतं, चकचकीत घासलेलं. खाली वाफ, वर उंच मान, बाजूला बारीक नळी, आणि नळीच्या तोंडाशी पायल. अंगात जाड एप्रन, केस घट्ट बांधलेले. तिने आईकडे बघून मान हलवली, बापाकडे नुसतं बघितलं आणि कामाला लागली.

“यात जुनिपरची बोरं आहेत, धणे, लिंबाची साल आणि आपल्याकडचा गवती चहा,” ती सांगत होती. नळीतून पहिले थेंब टपकायला लागले तसा घोडबंदर रोडवरून आलेला एक गृहस्थ पुढे सरसावला.

“मॅडम, पहिल्या धारेची आम्हालाच द्या हं!”

सगळे खिदळले. उबाळेंच्या कपाळावर आठी चढली.

“पहिली धार फेकायची असते, सर,” पायल शांतपणे म्हणाली. “नेलपॉलिश काढायचं पाणी पिता का तुम्ही? तोच वास आहे हा. याने आम्ही फरशी पुसतो.”

आठी जरा उतरली. पोरीचं बोलणं बरोबर होतं.

नळीखाली स्टीलचं लहान भांडं भरत होतं. हर्षितने घड्याळ बघितलं, काचेच्या नळीतला दारूचा जोर दाखवणारा आकडा बघितला आणि पायलच्या कानाशी वाकला. पण बोलला तो सगळ्यांना ऐकू जाईल असंच. “झालं की. आकडा आला. लोक उभे आहेत, घे ना चांगल्या भांड्यात.”

“अजून नाही.”

“अगं, आकडा...”

“आकडा आला असेल. वास नाही आला.”

आणि पायलने नळीखाली हात धरला. दोन थेंब तळहातावर घेतले, दोन्ही हात चोळले, ओंजळ केली आणि नाकाशी नेली.

उबाळेंनी टाचा उंचावून बघितलं. ही तर त्यांचीच ओंजळ! पायल पाच-सहा वर्षांची होती तेव्हा ते धाडीवरून घरी आले की धावत यायची, युनिफॉर्मला नाक लावायची. “बाबा, आज काळा गूळ!” “आज सडकी फळं!” दहातल्या नऊ वेळा बरोबर सांगायची, आणि उबाळे तिला उचलून घ्यायचे. शकू तेव्हा ओरडायची की पोरीला कसले खेळ शिकवता. शिकवलं कोणी मग? या माणसानेच शिकवलं, आणि दोन वर्षं तिच्याकडे पाठ करून बसला.

न राहवून ते दोन पावलं पुढे गेले. डोळे मिटले आणि हुंगलं. तिखट, नाकात टोचणारा वास अजून होता. पोरगी खरं बोलत होती. हर्षित चुळबुळत होता, घोडबंदरवाला “चलो यार” म्हणत होता. पायल जागची हलली नाही. शाब्बास, उबाळे मनात म्हणाले, मालकाला भीक घालू नकोस. टोचणी कमी झाली. आणखी कमी झाली. आणि मग अचानक सगळं निवळून लिंबाच्या सालीचा, ओल्या गवती चहाचा स्वच्छ वास नाकात शिरला.

“आता,” उबाळे पुटपुटले.

“आता!” पायल म्हणाली, आणि तिने भांडं बदललं.

दोघांचे शब्द एकाच क्षणी पडले. पायलने झटकन वळून बघितलं. उबाळेंचे डोळे भरले होते आणि त्यांना ते लपवायचेही नव्हते.

“नाक आहे तुला,” ते म्हणाले. एवढंच. पण खात्यात ज्याला नाक म्हणत त्याने ते म्हटलं होतं. पायलने एप्रनला हात पुसले, मग त्याच एप्रनने डोळे पुसले आणि उगाचच हर्षितवर खेकसली, “बघत काय उभा आहेस? झाकण दे.”

जेवण मागच्या पडवीत होतं. चुलीपाशी गावातल्या ठमाबाई बसल्या होत्या, तांदळाची भाकरी हातावर थापत. पानात सुकट, वांग्याचं भरीत, झणझणीत कोंबडी आणि वडे.

“बसा जेवाला,” ठमाबाई म्हणाल्या. “पोरीनं सकालपासून चारदा सांगलंय, माझा बापूस येनार हाय. कोंबरी तिखट कर, त्याला तिखट लागतं.”

उबाळे तीन भाकऱ्या जेवले. घाम पुसत जेवले. चौथी नको म्हणत होते तोवर ठमाबाईंनी ती पानात टाकलीसुद्धा. उबाळेंसाठी कोकम सरबत होतं, आलं ठेचून घातलेलं. शकूच्या पेल्यात त्याच सरबतात लेकीची जिन. शकूने एक घोट घेतला, डोळे मिचकावले, दुसरा घेतला.

“अगं बाई! हे तर छान लागतंय.”

“बेताने,” उबाळे म्हणाले.

“परवाना आहे माझ्याकडे,” शकू म्हणाली, आणि पायल इतकी हसली की तिला ठसका लागला.

निघताना तिने बापाच्या हातात एक बाटली ठेवली. “तुम्ही पिऊ नका. नुसतं लेबल वाचा.”

उबाळेंनी चष्मा लावला. जिनचं नाव, बॅचचा नंबर, आणि खाली ठळक अक्षरांत: डिस्टिलर – पायल महेंद्र उबाळे. आयुष्यभर बाटल्यांच्या लेबलांवर त्यांचं नाव गेलं होतं, पण ते जप्तीच्या मालावर.

“गेल्या महिन्यात मला मुख्य केलं,” पायल म्हणाली. “सांगायला तुम्ही बोलत कुठे होतात?”

“चुकलो,” उबाळे म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, “बिल दे हिचं. रस्त्यात कोणी विचारलं तर दाखवायला लागतं.”

हर्षितने बिल दिलं आणि सवयीने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली. कोळसेवाडीत रिक्षातून उतरल्या उतरल्या उबाळेंनी पिशवी काढली, कागद काढला आणि दोन्ही शकूच्या हातात दिलं.

“अहो, लोक बघतील,” शकू म्हणाली.

“बघू देत.”

संध्याकाळची वेळ, ओट्यावर भाऊ आणि आणखी चौघं बसलेले. भाऊंनी आ वासला. “उबाळे! तुम्ही आणि बाटली?”

“माझ्या मुलीनं बनवलीय.”

“पायलनं? ती तर औषधाच्या...”

“ते मी खोटं बोललेलो, भाऊ. दोन वर्षं. ती जिन बनवते, आणि तिच्यासारखं नाक सगळ्या ठाणे जिल्ह्यात कोणाला नाही. माझं सोडून.” मग बाटलीकडे बघून म्हणाले, “माझंही नाही.”

भाऊंकडे चष्मा नव्हता. म्हणून उबाळेंनी बाटली उजेडात धरली आणि लेबल वाचून दाखवलं. पंचनामा वाचतात तसं, मोठ्याने, वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असं.

“मग आमच्या गॅसच्या गोळ्या?” भाऊ म्हणाले.

“दुकानातून आणा,” शकू म्हणाली.

घरात शोकेसमध्ये निवृत्तीच्या दिवशी खात्याने दिलेली ढाल होती. उबाळेंनी ती जरा मागे सरकवली आणि सील न फोडलेली बाटली पुढे ठेवली. लेबल दाराकडे वळवलं. मग जाऊन दार सताड उघडं करून आले.