बोलक्या टाकीचं तोंड कुणी बांधलं?

धुलाई कारखान्याच्या वाफघरात बाबांच्या भक्तांची एवढी गर्दी, की मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. बाबा प्रश्न विचारत आणि वाफेची टाकी शिट्टी मारून होकार देई. नकार तिनं आजवर कुणालाच दिला नव्हता; स्वभावानं गरीब असावी. 'शक्ती गळू नये' म्हणून दाराला बाहेरून कडी. शिट्टी ऐकू आली की बाहेरचा शिष्य कडी काढणार, असा नियम.

इंजिनीअर भाची आली होती ती आत्याला घरी न्यायला. आत्या टाकीला खेटून बसलेली.

"आत्या, चल."

"गप गं! गुडघ्याचं विचारायचंय."

बाबांनी टाकीवरच्या पाटीवर बोट ठेवलं. "सात! म्हणजे सात जन्म. एकशे पंचाहत्तर! म्हणजे माझं वय."

"आत्ताचं?" कुणीतरी विचारलं.

"होणारं."

भाचीनं पाटी वाचली. वापराचा कमाल दाब सात बार, तापमान एकशे पंचाहत्तर अंश. दाबमापकाचा काटा मात्र आठावर! साताला आपोआप उघडून वाफ सोडणारी सुरक्षा झडप गप्प, कारण ती तारेनं करकचून आवळलेली.

"दार उघडा!" ती किंचाळली.

"शिट्टीशिवाय नाही," बाहेरून उत्तर आलं.

काटा पुढे सरकला. बाबा हसले. "घाबरू नकोस पोरी. पाटीवर साडेदहाही लिहिलंय. अजून पुष्कळ जागा आहे."

"तो कसोटीचा दाब! टाकी नवी असताना गार पाणी भरून तपासलेला. एकदा पोतं उचललंत म्हणून ते डोक्यावर घेऊनच झोपता का?"

वाफेचा पाइप पडद्यामागे जात होता. तिनं पडदा ओढला. मागे स्टुलावर, वाफ चालू-बंद करायच्या चाकावर हात ठेवून, बाबांचा मेहुणा घोरत होता.

"चाक बंद करा!"

"शिट्टी झाली की करायचं, असं ठरलंय," तो डोळे चोळत म्हणाला.

"आणि झडप कुणी बांधली?"

"मीच. काल टाकी प्रवचनात मध्येच बोलली. दाजी चिडले. आज सोडायची राहिली."

भाचीनं चाक स्वतः फिरवून वाफ तोडली. काटा रेंगाळत सहाच्या खाली आला, तेव्हा तिनं तारेचा पीळ उलगडला.

"आता बाबा, तोंडावर बोट." तिनं चाक उघडून टाकीत पुन्हा थोडी थोडी वाफ घेतली. साताला झडप उघडली. शिट्टी! कडी निघाली.

सगळ्यांच्या आधी आत्या बाहेर. गुडघा बरा झाला म्हणून नव्हे, जीव प्यारा म्हणून.

"होकार झडपेचा होता," भाची दारात उभी राहून म्हणाली. "दाब वाढला की ती कुणासाठीही बोलते. कुणी खोलीत कोंडलं तर आधी कारण विचारा. पाटी दिसली तर वाचा. अर्थ लागला नाही तर जाणकाराला गाठा. आणि गुडघा, आत्या, डॉक्टरला दाखव."