डॉर्कसने सांगितलेला आकडा

अमेरिकेच्या दक्षिणेत आमच्या काळ्या लाइल्स घराण्याचा मेळावा दर ऑगस्टला भरतो आणि प्रत्येक शाखेला वेगळ्या रंगाचा टी-शर्ट असतो. एलायस आणि डॉर्कस या मूळ जोडप्याच्या पाच मुलांचे वंश पुढे चालले, म्हणून पाच रंग. आम्ही हेस्टरचे वंशज. आम्हाला पांढरा शर्ट मिळतो आणि पाठीवर 'पाहुणे' असं छापलेलं असतं. माझी आई ओडेसा एक्क्याण्णव वर्षांची आहे. हेस्टर तिची आजी. जन्मभर ती याच मेळाव्यात कोबीची भाजी आणि पीच घालून केलेलं गोड रांधून आणते आहे, आणि अजून ती पाहुणीच.

या वर्षी चर्चच्या दफनभूमीत एलायस आणि डॉर्कसच्या थडग्यावर नवा दगड बसवायचं ठरलं. खाली मुलांची नावं. हे सगळं माझ्या लांबच्या चुलतभावाच्या, थर्मनदादाच्या हातात. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून त्याने घराण्याचं पुस्तक काढलंय आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. हेस्टरचं नाव यादीत नाही हे कळलं तेव्हा आई भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "व्हर्लीन, तिचं नाव त्या दगडावर आल्याशिवाय मी डोळे मिटणार नाही. आणि मला फार ताटकळत ठेवू नकोस, माझे गुडघे दुखतात."

मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आहे. मी थर्मनदादाला फोन लावला.

"अगं, माझं काही वैर आहे का हेस्टरशी?" तो म्हणाला. "अठराशे ऐंशीची खानेसुमारी बघ. घरात कोण कोण, कुटुंबप्रमुखाशी नातं काय, सगळं लिहिलंय. हेस्टर, वय नऊ, आडनाव वेगळं, नातं नोकर. मी काय मनाने लिहू?"

"एलायसकडे स्वतःची जमीन होती का रे, दादा?"

"नव्हती. अर्ध्या वाट्याने कसत होता."

"खेचर?"

"मालकाचं."

"म्हणजे ज्याच्याकडे स्वतःचं खेचर नाही, त्याने घरात नोकर ठेवली होती. नऊ वर्षांची. तिला पगार काय देत होता, मक्याची कणसं?"

तो हसला, पण हटला नाही. "कागदावर जे आहे ते आहे. तू दुसरा कागद आण, मी नाव घालतो. दगडवाल्याला मेळाव्याच्या शनिवारी यादी द्यायची आहे."

मला माझा असा राग आला की विचारू नका. इतकी वर्षं मी तो पांढरा शर्ट इस्त्री करून घालत होते आणि एकदाही कागद उघडून बघितला नव्हता. त्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावर संगणक आणि जेवण मांडीवर, असं सुरू झालं.

त्या काळी दारात येणारा गणतीवाला गोरा दुकानदार असायचा. फाटकाशीच उभा राहायचा, आडनाव वेगळं ऐकलं की त्याला वाटेल ते नातं लिहायचा, आणि घरातल्यांना वाचता येत नसे. हे मला पटत होतं, पण पटण्याने थर्मन हलणार नव्हता. म्हणून मी पुढच्या खानेसुमारीकडे गेले, एकोणीसशेच्या. तिथे बायकांसाठी दोन जादा रकाने आहेत: किती मुलं झाली, आणि त्यातली किती जिवंत. डॉर्कसच्या ओळीत सात आणि सहा असे आकडे होते.

डॉर्कसच्या घरच्या बायबलमध्ये पाद्र्याने लिहिलेली सहाच मुलांची नावं आहेत, त्यातलं एक तान्हेपणीच गेलं. म्हणजे उत्तर सहा आणि पाच यायला हवं होतं. थर्मनच्या पुस्तकात तळटीप आहे: 'गणतीवाल्याची चूक.' वर्गात असं उत्तर कोणी दिलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी उभं केलं असतं. हात चुकतो तेव्हा एक आकडा चुकतो. इथे दोन्ही एकेकाने वाढले होते.

मग एकोणीसशे दहा. डॉर्कस पुन्हा सांगते, सात झाली. जिवंत मात्र पाच. दहा वर्षांत एक कमी. तिच्या पोटच्या पाचही मुलांची थडगी मी पाहिली आहेत, सगळे एकोणीसशे वीसच्या पुढे गेले. आमची हेस्टर गेली एकोणीसशे सात साली, तापाने. मी खुर्चीतून उठले आणि स्वयंपाकघरात एकटीच फेऱ्या मारत राहिले. डॉर्कसची सातवी कोण, हे आता लहान पोरालाही कळलं असतं.

तिथेच थांबले असते तर बरं झालं असतं. पण हेस्टर एकोणीसशे साली नवऱ्याच्या घरी कशी राहत होती ते बघायची हाव सुटली. त्या वर्षी जन्माचा महिनाही लिहून घेत. हेस्टर, मार्च अठराशे एकाहत्तर. आणि डॉर्कसचा आमस, ज्याचा थर्मन पणतू आहे, जून अठराशे एकाहत्तर. मार्चमध्ये एक आणि जूनमध्ये दुसरं, असं कोणत्याही बाईला होत नाही. हेस्टर तिच्या पोटची नव्हती.

मनात आलं, हा शेवटचा कागद दाखवायचाच नाही. थर्मनने तो कधी उघडला नव्हता आणि उघडलाही नसता. हेस्टरचं नाव दगडावर लागलं असतं आणि प्रकरण मिटलं असतं. पण उद्या कोणी नातवंड तो उघडणार, आणि मग आई मेल्यावर हेस्टरला दुसऱ्यांदा घराबाहेर काढणार. मी आईला सगळं सांगितलं. तिने जेवणाचं ताट बाजूला सारलं. वाटलं, हिचा जीव मी आजच घेतला.

"तिन्ही कागद घे," ती म्हणाली. "आणि मला तिकडे ने. शर्ट पांढराच दे."

शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये थर्मनदादा लांब टेबलाशी यादी घेऊन बसला होता. बाहेर डुकराचं मटण भाजत होतं, व्हिनेगरचा वास आत येत होता. मी त्याच्यासमोर आकडे मांडले. तो चष्मा वर करून, खाली करून बघत राहिला. माणूस आडमुठा आहे, पण लबाड नाही. दोन्ही खानेसुमाऱ्यांची वजाबाकी त्याने स्वतःच्या हाताने करून पाहिली.

"सातवी हेस्टरच," तो म्हणाला. मग मी तिसरा कागद ठेवला आणि त्याचा चेहरा पडला. "मार्च आणि जून. म्हणजे पोटची नाहीच. व्हर्लीन, तूच तुझं घर पाडलंस की गं."

"मी खरं ते आणलं."

"मग मी काय करू? खरं ते घालायचं तर हेस्टरचं नाव घालता येत नाही. डॉर्कस त्या गणतीवाल्याला खोटं बोलली, दोनदा."

आई काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती. "थर्मन, बाळा, इकडे बघ. डॉर्कसला वाचता येत होतं?"

"नाही, ओडेसाआत्या."

"ऐंशी साली त्यांनी दारात येऊन तिच्या पोरीला नोकर लिहिलं. तिला कळलं असेल?"

"कुणी सांगितलं तर."

"कुणी तरी सांगितलंच. म्हणून पुढच्या वेळी विचारलं तेव्हा तिने तोंडाने सात सांगितले. दहा वर्षांनी पुन्हा विचारलं, तोवर पोर गेली होती, तरी सात सांगितले. सरकारी माणसासमोर, काळ्या बाईने, त्या दिवसांत. तिने मुलं मोजली, थर्मन. आता तू तिला सांगतोस की तुला मोजता येत नाही?"

हॉलमध्ये कोणीतरी खुर्ची सरकवली. थर्मनने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, आणि पुसतच राहिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

"दगडावर नावं वयाप्रमाणे आहेत," तो हळूच म्हणाला. "आमस सगळ्यात वर आहे. आमचं थोरलं घर."

"हो का," आई म्हणाली. "मग मार्च आधी येतो की जून?"

त्याने यादी उलटी ठेवली. मग त्याने कोरा कागद ओढला, वर डॉर्कसची मुलं असं लिहिलं आणि पहिल्या ओळीत हेस्टरचं नाव घातलं. दुसऱ्या ओळीत आमस लिहिताना त्याचा हात थोडा थांबला, पण त्याने लिहिलं.