मूतखड्याची उंची

मी एक जुना सीटी स्कॅनर आहे, मित्रांनो. दवाखान्याच्या तळमजल्यावरची गार खोली हे माझं घर. दिसायला मी एखाद्या भल्या मोठ्या चाकासारखा. मधल्या पोकळीतून एक अरुंद पलंग आत-बाहेर सरकतो. त्यावर माणूस निजला की मी त्याच्याभोवती क्ष-किरण फिरवतो आणि कुठेही न कापता पोटातलं सगळं दाखवतो.

मी इथे आलो तेव्हा केवढं कौतुक झालं! दारातून मावेना, म्हणून भिंत पाडून मला आत घेतलं. पुढे मी मोडलेली हाडं पाहिली, दमलेली फुप्फुसं पाहिली. पण सगळ्यांत जास्त ओळख झाली ती मूतखड्यांशी. जीव केवढासा, पण धडधाकट माणसाला गडाबडा लोळायला लावतो.

एका दुपारी बसची एक कंडक्टर आली, गणवेशातच. पाठीतून कळा येत होत्या. धाकटा भाऊ तिला धरून होता. माझ्या तंत्रज्ञाला तो घाईघाईने म्हणाला, "दादा, ताईला एकच मूत्रपिंड आहे. दुसरं माझ्या पोटात आहे. मी आजारी होतो तेव्हा तिनेच दिलं."

"गावभर सांगत सुटतो नुसता," ताई कण्हत म्हणाली. "दिलंय ना? उसनं नाही दिलेलं."

तंत्रज्ञाने तिला पलंगावर निजवलं. "ताई, आता श्वास रोखून धरा."

"रोखून धरण्यात माझा हात कोण धरणार! गाडीवर बाईमाणसाची कुठे सोय असते? म्हणून पाणीच पीत नाही मी."

ती हसली, पण पलंगाच्या कडा तिने घट्ट आवळल्या होत्या. मी फिरलो आणि चित्रं काढली.

काचेपलीकडे डॉक्टरीणबाई चित्रं वाचत होत्या. शेजारी सर्जन उभे होते. मूत्रपिंडाकडून खाली येणाऱ्या बारीक नळीत एक पांढरा ठिपका चमकत होता.

"पाच मिलिमीटर," सर्जन म्हणाले. "पडेल औषधाने. घरी पाठवूया."

दारात कान देऊन उभ्या असलेल्या भावाने सुस्कारा सोडला.

"थांबा हं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही आडवी चित्रं आहेत. यात फक्त जाडी कळते. उभा किती आहे ते बघू."

मित्रांनो, पेन्सिल टोकाकडून पाहिली तर नुसता ठिपका दिसतो. बाजूने पाहिली तर कळतं, केवढी लांब आहे ती! बाईंनी तीच चित्रं उभी जुळवली, मोठी केली, उजेड कमी-जास्त करून खड्याची धूसर कड स्पष्ट केली. मग या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली.

"अकरा. आणि मागे मूत्रपिंड फुगायला लागलंय."

सर्जन खाली वाकून पाहत राहिले. "बरं झालं थांबवलंत. एकुलतं एक मूत्रपिंड, नळी पूर्ण तुंबली असती तर? आजच काढतो."

भावाला रडू फुटलं. "डॉक्टर, तिचं तिला परत द्या. माझ्यातलं काढा."

"वेडा आहेस का?" ताई पलंगावरूनच ओरडली. "खडा काढायचाय माझा, तुझा जीव नाही!"

त्या संध्याकाळी सर्जननी लघवीच्या वाटेनेच बारीक दुर्बीण घालून खडा फोडला आणि तुकडे बाहेर काढले. काही आठवड्यांनी ताई तपासणीला पुन्हा माझ्याकडे आली. मी नळी वरपासून खालपर्यंत पाहिली. स्वच्छ!

"काही उरलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कळा सोसताना न रडलेली ताई तेव्हा हुंदके देऊन रडली. भाऊ नुसता तिचा हात धरून उभा राहिला.

आता वरच्या मजल्यावर माझ्याहून चपळ स्कॅनर आलाय. मी फिरताना कुरकुरतो. कुणी माझ्या अंगावर कोट टाकून जातं, कुणी चहाचा कप ठेवतं. कधीतरी माझे भाग सुटे होतील. म्हातारपणी एवढंच मागणं आहे, की तोवर मला पुसत जा, वेळेवर तपासत जा. माझी नजर अधू झाली तर कुणाच्या तरी अकराचे पाच व्हायचे.

आणि मित्रांनो, तुम्ही शाळेत बाटली भरून नेता आणि संध्याकाळी तशीच भरलेली घरी आणता, हे मला तुमच्या आयांच्या बोलण्यातून कळतं. ती रिकामी करून आणा. लघवी लागली तर बाईंना विचारा, लाजू नका. मला माणसांची फार आवड आहे, पण तुमची-माझी भेट कधीच झाली नाही तर मला आनंदच होईल.