ट्रकची वायर कोण लावतं

स्लावको हाव्रिलुकच्या मते त्याने काही फार मोठं केलं नव्हतं. ट्रकचं इंजिन ऑइल बायकोच्या पातेल्यात गरम केलं, एवढंच. त्याचे वडील तेच करायचे. हाडं गोठवणारी थंडी पडली की संध्याकाळी इंजिनातलं ऑइल काढून घरात आणायचं, सकाळी चुलीवर तापवायचं आणि पाण्यासारखं पातळ झालं की परत इंजिनात ओतायचं. फरक इतकाच, की वडिलांनी त्यासाठी एक फुटका डबा राखून ठेवला होता, आणि स्लावकोच्या हाताला लागलं ते स्तेफाचं निळ्या काठाचं मोठं पातेलं. ते तिला आईकडून मिळालेलं.

त्याचाही नाइलाज होता. त्या संध्याकाळी ट्रकचा ब्लॉक हीटर, म्हणजे इंजिन गरम ठेवणारी विजेची शेगडी, जळाला. ट्रक डिझेलचा, लग्नानंतर दोनेक वर्षांनी घेतलेला. त्याच्या तोंडातून लोंबणारी वायर रात्रभर घराच्या प्लगाला लावून इंजिन उबदार ठेवलं तरच सकाळी तो हलायचा, नाहीतर मेलेल्या म्हशीसारखा अंगणात पडून राहायचा. इकडे गावाबाहेरच्या गोठ्यात गाई वैरणीसाठी हंबरत असायच्या. स्तेफा नेमकी बहिणीकडे यॉर्कटनला गेलेली. विचारायचं कोणाला? स्लावकोने ऑइल तापवलं, ट्रक सुरू केला, दुसऱ्या दिवशी नवा हीटर बसवला, पातेलं साबणाने तीनदा घासलं आणि जागेवर ठेवून दिलं. बायकोला सांगायचं त्याच्या मनात होतं, पण ती आली ती बहिणीच्या सुनेबद्दल बोलतच आली, आणि मग ते राहूनच गेलं.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये सगळं गाव जेवायला बसलं. बोर्श्च, म्हणजे बीटाचं सूप, दरवर्षीप्रमाणे स्तेफाचं, त्याच पातेल्यातलं. फादर इहोरनी दोन चमचे घेतले, जरा थांबले आणि यंदा कुठला नवीन मसाला घातलाय, असं अगदी नम्रपणे विचारलं. स्तेफाने नुसतं बीट, कोबी आणि मशरूम असल्याचं सांगितलं. तेवढ्यात समोर बसलेल्या पारास्कामावशींनी वाटी नाकाशी नेली. त्यांचा नवरा हयातभर मेकॅनिक होता आणि त्याचे कपडे धुण्यात मावशींची उमर गेली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "पंधरा-चाळीस."

तो ऑइलचा नंबर होता. त्या गावात शेंबड्या पोरालाही तो ठाऊक. सगळ्या टेबलावर चमचे खाली ठेवल्याचा आवाज झाला. स्तेफाने नवऱ्याकडे पाहिलं. स्लावको पाव कुरतडत छताकडे बघत होता, आणि तेवढ्यावरून तिला सगळं कळलं.

घरी येऊन तिने एकच वाक्य म्हटलं. "आजपासून तू आणि तुझा ट्रक." त्यानंतर तिचं तोंड बंद झालं ते बंदच.

ट्रक का म्हणाली, ते स्लावकोला दुसऱ्या दिवशी सकाळी उमगलं. ट्रक घेतल्यापासून त्याची वायर स्तेफाच लावत आली होती. संध्याकाळी कुत्र्याला खायला घालायला ती बाहेर जायची आणि येता येता वायर लावून यायची. ती घरी असताना स्लावकोला कधी त्याची आठवणही ठेवावी लागली नव्हती. त्या सकाळी त्याने किल्ली फिरवली आणि ट्रक असा विव्हळला की गल्लीतली सगळी कुत्री उठली. मग खोकला, मग धूर, मग पुन्हा विव्हळणं. तासाभराने एकदाचा सुरू झाला तेव्हा अंगण काळ्या-पांढऱ्या धुराने भरलं होतं आणि स्लावकोच्या मिशीला बर्फ लोंबत होता.

कोणताही शहाणा माणूस संध्याकाळी स्वतः जाऊन वायर लावून आला असता. दहा पावलांचं काम ते. पण स्लावकोने असा विचार केला, की वायर लावणं हे बायकोचं काम आहे, आज आपण ते केलं म्हणजे चूक कबूल केल्यासारखं होईल, आणि एकदा चूक कबूल केली की पातेल्याचा विषय पुन्हा निघेल. म्हणून तो रोज संध्याकाळी टीव्हीचा आवाज वाढवून हॉकीचा सामना बघत बसे आणि रोज सकाळी ट्रकचा छळ करी. स्वयंपाकघरात स्तेफाचा रेडिओ तितक्याच मोठ्याने चाललेला असे.

असं काही दिवस चाललं आणि एका सकाळी चमत्कार झाला. स्लावकोने शिव्यांची तयारी करून किल्ली फिरवली, आणि ट्रक पहिल्या झटक्यात सुरू झाला. त्याने उतरून पाहिलं, तर वायर व्यवस्थित प्लगाला लावलेली. तो धुक्यात एकटाच हसत उभा राहिला. विरघळली म्हणायची बाई.

तोंडाने काही बोलायचं नाही, हे तर ठरलेलंच होतं. पण उपकार फेडायला हवेत, म्हणून त्याने त्याच दिवशी मोरीतला गळका नळ दुरुस्त केला. त्या नळाबद्दल स्तेफा कितीतरी वर्षं कानीकपाळी ओरडत होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या डब्यात नुसत्या सुक्या पावाऐवजी कोबीच्या पानात गुंडाळलेली गरम होलुब्त्सी निघाली. वायर रोज लावलेली सापडायची. मग त्याने खुराड्यापर्यंतचा बर्फ काढला. मग तिने त्याच्या हातमोज्याचं भोक शिवलं. स्लावकोने जिन्याचा कठडाही घट्ट केला, जो तसा घट्टच होता. बोलत मात्र दोघंही नव्हती. प्रत्येकाला वाटत होतं, आता समोरच्याने सुरुवात करावी.

शेवटी स्लावकोला राहवलं नाही. चहा-कॉफीच्या अड्ड्यावर त्याने म्हाताऱ्यांच्या टोळक्यात सांगून टाकलं, की बायकोचा राग म्हणजे काय, थोडं दमानं घ्यावं लागतं, शेवटी बाई आपणहून थंडीत जाऊन वायर लावते. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याचा शेजारी एनार टॉलेफसन, साठीचा अविवाहित नॉर्वेजियन, जो वर्षाकाठी शंभरेक शब्द बोलायचा, तो कॉफीत बघत राहिला. पण शेजारच्या टेबलावर पारास्कामावशी होत्या.

स्लावको घरी पोचला तेव्हा स्तेफा दारातच उभी होती.

"वायर मी लावते, असं गावभर सांगत फिरतोयस?"

ती बोलली, याचाच स्लावकोला इतका आनंद झाला की काय विचारलंय ते कळायला त्याला वेळ लागला.

"मग? तूच लावतेस ना?"

"मी? तू लावतोस. म्हटलं, जन्मात एकदा तरी अक्कल आली."

"मी कशाला लावेन? आपलं भांडण चालू आहे."



"मग मी तुला होलुब्त्सी कशाबद्दल घातली?" स्तेफाने विचारलं.

"आणि मी नळ कशाबद्दल दुरुस्त केला?"

भांडण बाजूला राहिलं. रोज संध्याकाळी कोणीतरी आपल्या अंगणात येतंय, ही गोष्ट आता जास्त महत्त्वाची होती. चोर असेल, असं स्तेफाचं मत पडलं. स्लावको म्हणाला की चोर वायर नेतो, लावत नाही. अंधार पडल्यावर त्यांनी टीव्ही आणि रेडिओ नेहमीसारखे मोठ्याने लावून ठेवले, स्वयंपाकघरातला दिवा घालवला आणि दोघं खिडकीखाली दबा धरून बसली. स्तेफाच्या हातात लाटणं होतं. स्लावकोच्या हातात, घाईत सापडलं म्हणून, दुसरं लाटणं.

थोड्या वेळाने कुंपणाच्या फटीतून एक केसाळ आकृती आत शिरली.

"अस्वल," स्तेफा कुजबुजली.

"अस्वलं या दिवसांत झोपलेली असतात."

आकृतीने कुत्र्याला काहीतरी खायला टाकलं. कुत्रा जुनी ओळख असल्यासारखा शेपटी हलवू लागला. मग आकृती वाकली, वायर प्लगाला लावली, ट्रकच्या टपावर थोपटलं आणि म्हणाली, "झोप बाबा आता. मलाही झोपू दे."

स्लावकोने दार उघडून बाहेरचा दिवा लावला. समोर टॉलेफसन उभा होता. अंगात त्याच्या दिवंगत आईचा फरचा कोट, खाली लांब चड्डी आणि पायात बूट. पळून जायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

मग तो बोलला, एका दमात इतकं, की त्यात त्याचा वर्षाचा कोटा संपला असेल. त्याची पलंगाकडची भिंत आणि यांचा ट्रक यांच्यात फक्त कुंपण. पहिल्या सकाळी त्याला वाटलं, कोणाचा तरी गळा दाबतायत. दुसऱ्या सकाळी वाटलं, दाबतायत तर लवकर तरी दाबा. "तुमचं भांडण कधी मिटेल ते येशूलाही सांगता आलं नसतं," तो म्हणाला. "मला झोप हवी होती."

"अरे, पण मग सांगायचंस," स्लावको म्हणाला.

"कोणाला? तू सांगितलंस का हिला, पातेल्याचं?"

स्तेफा हसायला लागली. लाटणं हातातून पडलं तरी थांबेना. हसता हसता तिने टॉलेफसनला कोटासकट आत ओढलं आणि टेबलाशी बसवून पिरोही, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, वाढल्या, वर भरपूर कांदा आणि आंबट साय. नव्या पातेल्यातल्या आहेत, असं तिने स्लावकोकडे बघत स्पष्ट केलं. चड्डीवर बसून जेवताना टॉलेफसनला फार संकोच वाटला, पण त्याने तीनदा मागून घेतल्या.

आता वायर कोणी लावायची, यावर नवराबायकोत दुसऱ्या दिवशी नव्याने वाद सुरू झाला. स्लावको म्हणे पूर्वीसारखी तिने, ती म्हणे माणसासारखी त्याने. टॉलेफसनचा दोघांवरही काडीचा विश्वास नव्हता, त्यामुळे तो आपला रोज संध्याकाळी येत राहिला, वायर लावत राहिला आणि आलाच आहे तर जेवूनही जाऊ लागला. स्तेफा त्याचं ताट न विचारता मांडू लागली.

फेब्रुवारीत तो न सांगता आठवडाभर भावाकडे रेजायनाला गेला. सकाळी स्लावकोने किल्ली फिरवली आणि ट्रक विव्हळला. दुसऱ्या खेपेला धूर निघाला. स्तेफा शाल गुंडाळून बाहेर आली. दोघांनी लोंबणाऱ्या वायरीकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या अंधाऱ्या घराकडे.

"जाताना निदान सांगून तरी जायचं," स्तेफा म्हणाली.

"बेजबाबदार माणूस," स्लावको म्हणाला, आणि दोघं चहा प्यायला एकत्र आत गेली.