मोकळेपणाने बोला

पिवळ्या चिठ्ठीचा चिकट काठ सारखा सुटत होता — वर्षाराणीनं अंगठ्यानं दाबला की बसायचा, बोट उचललं की पुन्हा वर. अक्षर तिचंच, कालचं... ‘ठरलेलं काम वरून सारखं बदलतं.’ एवढंच तर लिहिलं होतं. शिरोलीतल्या कारखान्याच्या त्या हॉलमध्ये भिंतभर अडचणींच्या चिठ्ठ्या होत्या, आणि बाकी सगळ्यांवर चहा, पंखे, पार्किंग.

अजाइल पद्धतीनं, म्हणजे छोट्या छोट्या टप्प्यांत, काम कसं करायचं, याचं दोन दिवसांचं ट्रेनिंग. “इथं कुणी साहेब नाही, मोकळेपणाने बोला,” पुण्याहून आलेल्या मोनामॅडम काल म्हणाल्या, आणि डिझाइन विभाग सांभाळणारी वर्षाराणी खरंच बोलली — मालकांचा मुलगा ऋतुराज समोर बसलेला असताना. का बोलली? हाताखालचा संग्राम वर्षभर चहाच्या टपरीवर म्हणत आला होता, “कुणीतरी बोलाय पायजे की, ताई! आम्ही हाय तुमच्या मागं.” बोलून झाल्यावर तिनं मागं पाहिलं... संग्राम पाण्याच्या बाटलीवरचा कागद नखानं सोलत होता, फार मन लावून. टाळ्या एकट्या ऋतुराजनं वाजवल्या. संध्याकाळी केबिनमध्ये तो हसतच म्हणाला, “मॅडम, तुमचा स्वभाव टीमला झेपत नाही. सोमवारपासून संग्राम बघेल. तुम्ही मदत करा त्याला.”

मदत! ड्रॉइंग वाचायला त्याला शिकवलं कुणी... पण ते आता कुणाला सांगायचं? घरी नवऱ्यानं विचारलं तेव्हा ‘चांगलं चाललंय’ म्हणाली, आणि भाकरी थापता थापता मनात वाक्यं जुळवत राहिली — ऊठ संग्राम, टपरीवर म्हणतोस ते इथं म्हण, सगळ्यांसमोर म्हण.

आज पुन्हा गोल करून बसवलं. काल काय शिकलो, ते सांगायचं होतं. पाळी तिच्यावर आली, तोंड उघडलं, जुळवलेलं सगळं जिभेवर होतं, आणि तिला स्वतःचा आवाज ऐकू आला, “काल मी घाईत बोलले. अडचण अशी काही नाही. संग्राम टीम छान सांभाळेल.”

टाळ्या. या वेळी सगळ्यांच्या.

“बघा, ह्याला म्हणतात विकास!” मोनामॅडम म्हणाल्या.

संग्राम खुर्ची ओढून जवळ सरकला. “बरं केलासा, ताई.” तो सुटल्यासारखा दिसत होता, आणि तिला त्याचा रागसुद्धा आला नाही.

आता लाज वाटेल, म्हणून ती वाट बघत बसली... जेवणाची सुट्टी झाली, माणसं उठली, दारातून तांबड्या रश्श्याचा वास आत आला — आणि तिला भूक लागली. कडकडून, निर्मळ भूक. इतकी, की ती क्षणभर स्वतःलाच घाबरली.