कशेळ्यात डास नाहीत

हिवताप कोणत्या डासामुळे पसरतो, हे शोधायला सरकारनं १९०२ साली मला, म्हणजे एका तापट डॉक्टरला, कशेळ्यात धाडलं. मुक्काम अंबाबाईंच्या ओटीवर होता. घरातले डास धरू का, असं विचारताच त्या भडकल्या.

“आमच्यात डास नाय! गोदूबाईकडं बघा, तिच्याकडं लय हायत.”

गोदूबाईंनी मला चंद्राबाईंकडं पिटाळलं, चंद्राबाईंनी पुन्हा अंबाबाईंकडं. डास नसलेल्या या घरांत दिवेलागणीला कडुनिंबाचा धूर मात्र डोळे चुरचुरेपर्यंत व्हायचा. माझ्या काचेच्या नळ्या रिकाम्याच राहिल्या.

पंधराव्या दिवशी मला सणसणून हिवताप भरला. अंगावर तिसरी गोधडी घालत अंबाबाई हळूच म्हणाल्या, “डाक्तर, कोनी इचारलं तर गोदूबाईकडं चावला म्हनून सांगा.”